हळदीचं बोलावणं कोणत्या रकान्यात?

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमचे केंद्रप्रमुख आदरणीय विश्वजित सर, व्यासपीठावर विराजमान असलेले आपल्या संस्थेचे विश्वस्त डॉक्टर ज्योतिबा सावंत साहेब, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत त्या, आज निवृत्त होणाऱ्या सत्कारमूर्ती काशीताई भोईर, त्यांचे यजमान अरविंदराव, शेवटच्या रांगेत दाराजवळ बसून आपण कोणाला दिसत नाही अशा समजुतीत असलेले त्यांचे धाकटे दीर नामाशेठ, आणि मागून समोशांचा वास येत असतानाही खुर्ची न सोडणाऱ्या माझ्या सहकारी बंधुभगिनींनो, आपणा सर्वांना नमस्कार आणि सलाम.

मी इद्रीस मुकादम. या कचेरीत मला 'पहिली नोंद' म्हणतात आणि काशीताईंना 'दुसरी नोंद'. सरांनी मला बोलायला पाच मिनिटं दिली आहेत आणि त्यांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलेलंही मी पाहिलं आहे. सर, ते घड्याळ तुम्ही कृपया पुन्हा हातात घाला. निरोप देताना माणसाने घड्याळाकडे बघितलं, तर तो निरोप कसला? ती हकालपट्टी झाली.

शिरवण्याहून काशीताईंच्या घरची बरीच मंडळी आली आहेत. मघाशी एका मावशींनी मला विचारलं, "तुमी हितं औषदं बनवता का?" नाही मावशी. रबाळ्याच्या या गाळ्यात काहीही बनत नाही. बाजारात प्रोटीनची पावडर मिळते, व्हिटॅमिनच्या गोळ्या मिळतात, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल मिळतात. त्या डब्यांवर जे छापलेलं असतं ते आम्ही अक्षर न् अक्षर उतरवून काढतो आणि आमच्या माहितीकोशात टाकतो. तो कोश कोणालाही फुकट बघता येतो. डॉक्टर बघतात, अभ्यास करणारे बघतात, आणि आपला मुलगा जिमला जाऊन नक्की काय खातो या काळजीने आयाही बघतात. डब्यात काय आहे ते आम्ही तपासत नाही. डब्यावर काय लिहिलं आहे तेवढंच आमचं काम. लेबलावर 'आठवड्यात केस उगवतात' असं असेल तर आम्ही 'आठवड्यात केस उगवतात' असंच लिहितो. उगवत असते तर अध्यक्षस्थानी आज वेगळं दृश्य दिसलं असतं. माफ करा सर, हे कागदावर नव्हतं, तोंडातून निघून गेलं.

आता आमची पद्धत. आमची खरेदी बघणारी मनस्वी दुकानातून डबा विकत आणते. कंपनीने स्वतः आणून दिलेला डबा आम्ही घेत नाही. तो डबा आधी मी उतरवतो, मग काशीताई उतरवतात. माझं लिहिलेलं त्यांना दिसत नाही, त्यांचं मला दिसत नाही. मग सर दोन्ही नोंदी एकमेकींशी ताडून बघतात. सर ताडून बघेपर्यंत त्या लेबलाबद्दल आम्ही दोघांनी एकमेकांशी, किंवा बाहेर कोणाशीही, एक शब्द बोलायचा नाही. म्हणून आमच्या दोन टेबलांच्या मध्ये प्लायवूडची फळी आहे. एकाने चूक केली तर दुसऱ्याने ती उचलू नये, एवढाच त्या फळीचा उद्देश.

त्या फळीच्या दोन बाजूंना आम्ही इतकी वर्षं काढली. दुपारी जेवणाचा डबा मात्र एकाच टेबलावर. त्यांची तांदळाची भाकरी आणि सुकट, माझ्या घरची सांदणं. बोलणं जगातल्या सगळ्या विषयांवर, फक्त कामाच्या डब्यांचा विषय सोडून. माझी बायको आरिफा एकदा म्हणाली, "तुमचं काशीताईंशी जेवढं बोलणं होतं तेवढं माझ्याशी नाही." मी म्हटलं, अगं, आपल्या घरात मध्ये फळी नाही ना. त्या दिवशी मला सांदणं मिळाली नाहीत.

आता नामाशेठ, तुम्ही जरा सावरून बसा.

दीड वर्षापूर्वी नामाशेठनी शेवग्याच्या पाल्याची आणि चण्याच्या डाळीची एक ताकदीची पूड बाजारात आणली. पूड चांगली आहे, मी खातो. पण पाकीट छापताना छापखान्यात एक शून्य जास्त पडलं आणि पाकिटावर आलं: प्रत्येक शंभर ग्रॅममध्ये प्रथिने एकशेवीस ग्रॅम. मी तसंच उतरवलं. काशीताईंनी तसंच उतरवलं. पाकीट त्यांच्या दिराचं, चूक त्यांच्या डोळ्यांसमोर, पण त्यांच्या हाताने बारा काही उमटलं नाही. नोंदी जुळल्या, कोशात गेल्या, आणि आठवड्याभरात नेरूळच्या प्रत्येक जिममध्ये एकच चर्चा. शंभर ग्रॅमच्या पाकिटात एकशेवीस ग्रॅम प्रोटीन, म्हणजे वरचे वीस ग्रॅम नामाशेठ घरून आणून घालतात की काय?

पूड विकली गेली नाही याचं नामाशेठना फार वाटलं नाही. लोक हसले याचं वाटलं. ते वहिनीकडे आले. आता हे मी सांगू शकतो, कारण ती नोंद केव्हाच ताडून झालेली होती आणि काशीताईंनी डबा खाताना मला सगळं सांगितलं होतं.

"वयनी, त्या एकशेवीसचं बारा कर. एक शून्य त पुसाचा हाय."

"पाकिटावर बारा छाप. मंग मी बारा लिवीन."

"तू घरची मानूस हायस का त्या कंपुटरची?"

"सांजंपरत कंपुटरची," काशीताई म्हणाल्या.

झालं. बोलणं बंद. तसं भोईरांच्या घरात बोलणं बंद होणं ही काही नवी गोष्ट नाही, असं मला अरविंदरावांनीच सांगितलं आहे. पण त्याच सुमारास नामाशेठच्या मुलाचं, रूपेशचं लग्न ठरलं. रूपेशला काशीताईंनी कडेवर खेळवलेला. आणि काशीताई या त्यांच्या आळीतल्या धवलारीण. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, आगरी लग्नात हळदीपासून एकेक विधी होतो तो धवलारणीच्या गाण्यावर, म्हणजे धवल्यावर. ती गायला लागली की हळद लागते, ती थांबली की सगळे थांबतात. डीजे कितीही मोठा आणा, तिच्यापुढे तो गप्प.

घरी पत्रिका आली. काशीताईंनी ती मला दाखवली. पत्रिकेवर नाव होतं श्री. अरविंद भोईर, आणि पुढे छापलेला 'सहकुटुंब' हा शब्द पेनाने खोडलेला. वर बातमी अशी की धवले गायला उरणहून दुसरी बाई ठरवली आहे. काशीताईंनी पत्रिका पुन्हा पाकिटात घातली आणि मला म्हणाल्या, "एक रेघ मारलीय. दोन वेला मारली असती त कागूद फाटला असता. पोराचा हात हलका हाय." दिराला त्या पोर म्हणतात. मग त्यांनी भाकरी तशीच ठेवून दिली. त्या दिवशी सुकट मी एकट्याने खाल्ली आणि ती मला गोड लागली नाही.

लग्नाचा आठवडा उजाडला. रविवारी हळद. बुधवारी माझ्या टेबलावर नामाशेठच्या पुडीचं नवं पाकीट आलं. मनस्वीने नेरूळच्या दुकानातून बिलासकट आणलेलं. मी उतरवायला घेतलं. प्रथिने बारा ग्रॅम. वा. साठवणूक: थंड व कोरड्या जागी ठेवावे. ठीक. लहान मुलांपासून दूर ठेवावे. ठीक. आणि त्याच्याखाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात, पुढचा मजकूर होता. तो आता कोशात आहे, म्हणून मी जसाच्या तसा वाचतो:

'काशी वयनीने रविवारी सांजेला सातच्या आत हळदीला यावे. त्यानंतर उपयोग नाही. धवला दुसऱ्या कोणाचा चालणार नाही.'

हसा, हसा. मी तेव्हा हसलो नाही. नामाशेठची अक्कल बघा. फोन केला तर वहिनी उचलणार नाही. घरी गेले तर नामा नमला असं आळीत होणार. पण पाकिटावर छापलं तर? ते तिला वाचावंच लागणार. तिचं कामच आहे ते. बारीक अक्षरात छापलं, कारण मोठ्या अक्षरात चूक कबूल करणं आमच्या नामाशेठना या जन्मी जमणार नाही. आणि एका पाकिटावर छापायला छापखानेवाला तयार होईना, म्हणून सगळ्याच पाकिटांवर छापलं.

मी मान वर केली. फळीच्या पलीकडे काशीताई बसल्या होत्या. ज्या बोलावण्यासाठी त्यांचं जेवण तुटलं होतं, ते माझ्या हातात होतं, हातभर अंतरावर. आणि मला ते सांगता येत नव्हतं.

तुम्ही म्हणाल, इद्रीसभाई, हळूच कानात सांगायचं. मीही तोच विचार केला. पण ही कोण बाई आहे? जिने दिराच्या चुकीचं एक शून्य पुसलं नाही, घर तुटलं तरी पुसलं नाही, तिला मी नियम मोडून आनंदाची बातमी देऊ? ती ऐकून त्या हळदीला गेल्या नसत्या. उलट सरांकडे जाऊन माझीच नोंद बाद करा म्हणाल्या असत्या. त्यांनी ते पाकीट आपल्या रांगेत, आपल्या डोळ्यांनी वाचायला हवं होतं. आणि त्यांच्या रांगेत त्या पाकिटाच्या आधी एक अख्खं कपाट भरून डबे होते. तेवढे संपेपर्यंत हळद तर सोडाच, रूपेशच्या मुलाचं बारसं झालं असतं.

त्यातून ताई त्या आठवड्यात उदास. एकेक लेबल दोनदा वाचत होत्या. मी गुरुवारी त्यांना घाई करून बघितली. चहा टेबलावर नेऊन दिला. म्हटलं, ताई, आज जेवताना गप्पा नकोत, पटकन आटपू. त्यांना वाटलं मीही रुसलो. म्हणाल्या, "तुमालाबी माझं काय लागलं का इद्रीसभाई?" घरी गेलो तर आरिफाने चेहरा बघून विचारलं, "कोणाचं काय झालं?" मी म्हटलं, सांगता येत नाही. ती म्हणाली, "मग डॉक्टरकडे तरी जा."

शुक्रवारी सकाळी, दाढी करताना, मला नियम आठवला. आपल्याकडे ज्या डब्याची मुदत जवळ आली असेल तो रांग सोडून पुढे घेता येतो, त्यासाठी पिवळी चिठ्ठी भरायची. मी चिठ्ठी भरली. कारण: मजकुरातील मुदत रविवारी सायंकाळी सात. आणि सरांच्या केबिनमध्ये गेलो.

सर म्हणाले, "इद्रीसभाई, पावडरीची मुदत दोन दिवस? दूध आहे का ते?"

मी म्हटलं, "सर, लेबलावर आहे."

"पण काय आहे?"

"ते मला बोलता येत नाही."

आणि सर, ताडून बघायच्या आधी लेबल बघण्याची तुम्हालाही परवानगी नाही. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी तुमच्याकडे बघितलं. मग तुम्ही सही केलीत. या केंद्रात तुम्ही पुष्कळ मोठ्या कागदांवर सह्या केल्या असतील, पण मी तुम्हाला मानतो तो त्या पिवळ्या चिठ्ठीसाठी.

शनिवारी सकाळी पाकीट काशीताईंच्या टेबलावर गेलं. त्यांच्या बांगड्या टेबलाच्या कडेला लागून वाजतात, त्यावरून मला कळतं ताई कुठवर आल्या. बांगड्या वाजत होत्या. प्रथिने झाली असणार. साठवणूक झाली. लहान मुलं झाली. आणि बांगड्या थांबल्या.

मी समोरच्या कॅप्सूलच्या डब्याकडे बघत बसलो. त्यावर काय लिहिलं होतं ते मला आजही सांगता येणार नाही. मग पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज. आणि मग बांगड्या पुन्हा वाजायला लागल्या, अगदी नेहमीच्या चालीने. बाईने तो मजकूर पूर्ण उतरवला. पूर्णविरामासकट.

मग फळीवरून त्यांचा चेहरा दिसला. डोळे लाल, आवाज मात्र कचेरीतला.

"इद्रीसभाई, उद्या सांजेला काय काम हाय का?"

"नाही."

"मंग आरिफाला घेऊन शिरवण्याला या. माज्या पुतन्याची हलद हाय."

मी म्हटलं, "ताई, तुम्ही जाणार? बोलावणं आलं?"

"आलं."

"कधी आलं?"

काशीताई म्हणाल्या, "ते मना बोलता येत नाय."

मंडळी, त्या वेळी मला त्या बाईंच्या पाया पडावंसं वाटलं. मी नुसतं "बरं" म्हटलं.

रविवारी आम्ही गेलो. नामाशेठ मांडवाच्या तोंडाशी उभे राहून लाइटवाल्यावर उगाच ओरडत होते आणि रस्त्याकडे बघत होते. सात वाजायला थोडाच अवकाश असताना काशीताई आल्या, हिरवी साडी, अंबाड्यावर अबोलीचा गजरा. नामाशेठ पुढे झाले. त्यांनी काहीतरी पाठ करून ठेवलेलं होतं, हे मला स्पष्ट दिसत होतं.

"वयनी, त्या पाकिटावर जं मी लिवलंय..."

काशीताईंनी हात वर केला. "सोमवारी सर ताडून बघतील. तवंपरत मना त्याच्यावर बोलाचं नाय."

नामाशेठची माफी तशीच तोंडात राहिली. मला वाटतं, ती अजून तिथेच आहे. ताई मांडवात जाऊन बसल्या. उरणहून आलेल्या बाई स्वतःच सरकल्या आणि मागून सूर धरू लागल्या. ताईंनी धवला सुरू केला आणि पहिली हळद रूपेशला लागली. नामाशेठनी तेव्हा खांद्यावरच्या टॉवेलात तोंड घातलं, ते हळद संपेपर्यंत काढलं नाही. डोळ्यांत धूर गेला म्हणत होते. धूर कुठे नव्हता.

तेवढ्यात मांडवात एक अनोळखी तरुण आला, दारातून आडवा शिरावा लागेल एवढे खांदे. अरविंदरावांनी विचारलं, आपण कोणाकडून? तो म्हणाला, "कोनाकडून नाय काका. मी जिममधला. पाकिटावर वाचलं. टेन्शन आलं. वहिनी आल्या का, तेवढं बघायला आलो." त्याला पोटभर जेवायला घालून पाठवला.

सोमवारी सरांनी नोंदी ताडल्या. अक्षर न् अक्षर जुळलं. फक्त एका ठिकाणी तफावत निघाली. हळदीचं बोलावणं मी 'मुदत' या रकान्यात टाकलं होतं. काशीताईंनी ते टाकलं होतं 'वापरण्याची पद्धत' या रकान्यात. सरांनी दोघांना बोलावलं. मी म्हटलं, सर, सातच्या आत म्हटलंय, त्यानंतर उपयोग नाही म्हटलंय, ही मुदत नाही तर काय? काशीताई म्हणाल्या, "पाकीट हातात आल्यावर मानसाने काय कराचं, ते सांगितलंय. यावं, आनि गावं. म्हंजे पद्धतच." आमच्या एवढ्या वर्षांत ही पहिली तफावत, आणि दोघांपैकी कोणीही मागे सरलं नाही. शेवटी सरांनी त्या नोंदीखाली 'पडताळणी बाकी' असं लिहून ठेवलं. ते आजही तसंच आहे. आजच्या घटकेला कोणीही मोबाइलवर कोश उघडून बघावं. नामाशेठची एकशेवीस ग्रॅमची जुनी नोंदही तिथेच आहे, कारण जुनं लेबल आपण काढून टाकत नाही. हल्ली नामाशेठ दोन्ही नोंदी गिऱ्हाईकांना स्वतः दाखवतात, असं ऐकतो.

काशीताईंबद्दल मी गुणवर्णन करणार नाही. त्यांनीच बजावलं आहे की दावे कमी करा, मी खाली बसून मोजणार हाय. मी एवढंच सांगतो की सोमवारपासून फळीच्या पलीकडे बांगड्या वाजणार नाहीत आणि मला ते आवडणार नाही. अजिबात आवडणार नाही.

सर, आज सकाळी तुम्ही मला म्हणालात, ताई जायच्या आधी ती एक तफावत तेवढी मिटवून टाका, कागद स्वच्छ होईल. तुमचा शब्द मी आजवर मोडलेला नाही. पण आपला नियम असा आहे की तफावत एकट्याने मिटवता येत नाही. दोघांनी एकाच टेबलाशी, मध्ये पाकीट ठेवून बसायचं, आणि एकमत होईपर्यंत पुन्हा पुन्हा बसायचं. माणूस निवृत्त झाला म्हणजे त्याची तफावत निवृत्त होते, असं नियमात कुठेही लिहिलेलं नाही. मी दोन्ही बाजूंनी वाचून बघितलं आहे. म्हणून मी आज या सभेपुढे जाहीर करतो की मी 'मुदत' सोडणार नाही. ताई, तुम्हीही 'वापरण्याची पद्धत' सोडू नका. येत्या बुधवारी दुपारी पहिली बैठक घेऊ. भाकरी तुम्ही आणा, सांदणं मी आणतो. नाही जुळलं, तर त्याच्या पुढच्या बुधवारी बसू.

अध्यक्ष महाराजांनी घड्याळ शेवटपर्यंत हातात घातलं नाही, तरी मला थांबवलंही नाही, याबद्दल त्यांचे, विश्वस्त साहेबांचे आणि भोईर कुटुंबाचे मी मनापासून आभार मानतो. बोलण्याच्या ओघात कोणाला काही लागलं असेल, कोणाचं नाव घ्यायचं राहून गेलं असेल, तर मोठ्या मनाने सांभाळून घ्या आणि माझी चूक पोटात घाला. त्या नोंदीला मात्र कोणी हात लावू नका.